एका चिठोऱ्याचे रसग्रहण

मराठी समीक्षेवर माझा एक जुना राग आहे. कादंबरी, कविता, नाटक आणि अधूनमधून एखादं आत्मचरित्र, एवढ्यावर तिचं पोट भरतं. पण सर्वसामान्य मराठी माणूस जे वाङ्मय खरोखर मन लावून, ओळीवर बोट ठेवून, प्रसंगी चष्मा पुसून वाचतो, त्याकडे आजवर एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेलं नाही. मी खोक्यातल्या वाङ्मयाबद्दल बोलतो आहे. औषधाच्या बाटलीभोवती गुंडाळलेला कागद, मिक्सरची पुस्तिका, गॅसच्या शेगडीबरोबर येणारी घडीपत्रिका! या साहित्याचा वाचकवर्ग एवढा मोठा आहे, की कवितासंग्रहाच्या प्रकाशकाने तो स्वप्नातसुद्धा पाहू नये. शिवाय वाचकाच्या आयुष्यावर त्याचा परिणाम तात्काळ होतो. कविता उलटी कळली म्हणून कुणाच्या घरचा फ्यूज उडाल्याचं ऐकिवात नाही.

आता, समीक्षा लिहिण्याचा तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ‘खालील उताऱ्याचे रसग्रहण करा’ हा प्रश्न मी शाळेपासून ऑप्शनला टाकत आलो. परंतु बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला गद्याची पारख आपोआप येते. वरून आलेलं परिपत्रक वाचून ‘यांना नेमकं हवंय तरी काय’ हे शोधून काढणं, हेच माझं काम आहे. ‘उपरोक्त संदर्भांकित परिपत्रकातील परिच्छेद क्रमांक चारमधील उपपरिच्छेद ब अन्वये’ असलं वाक्य ज्याने चहाबरोबर पचवलं, त्याला नवकवितेची भीती राहत नाही.

तर प्रस्तुत कृती. मोटारीच्या पॉवर अँटेनाची दांडी मोडली की बाजारात नुसती नवी दांडी मिळते. तिच्या खोक्यात दांडीभोवती गुंडाळलेला एक कागद असतो. पृष्ठसंख्या एक. वाक्यं आठ. आकृत्या तीन. लेखकाचं नाव नाही, प्रकाशनवर्ष नाही, किंमत दांडीच्या किमतीत समाविष्ट. अर्पणपत्रिका नाही, प्रस्तावना नाही, ‘हे पुस्तक वाचकांच्या हाती देताना’ असलं काही नाही. पहिल्या वाक्यापासूनच पुस्तक सुरू होतं, हा गुण मराठीत दुर्मिळ म्हणून आधी नोंदवून ठेवतो.

तरुण वाचकांना आधी नायकाची ओळख करून द्यायला हवी, कारण नायक आता रस्त्यावरून जवळजवळ नाहीसा झाला आहे. मोटारीच्या मडगार्डावर एक छोटंसं भोक असायचं. मालकाने आत बसून रेडिओ लावला, की ‘घर्रर्र’ असा गंभीर आवाज होई आणि त्या भोकातून एक चकचकीत दांडी, एका नळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशी वर वर येई. रेडिओ बंद केला, की तितक्याच शिस्तीत खाली. शेवटी भोकावर फक्त एक बटण उरे. १९४० च्या दशकात काही अमेरिकन मोटारींत हे काम वीज करत नसे. इंजिन हवा शोषून घेतं तेव्हा जी ओढ तयार होते, तिच्यावर अँटेना वरखाली होई. पुढे त्याला स्वतःची छोटी मोटर मिळाली. आधी डॅशबोर्डवर वर-खाली करायचं बटण असे, नंतर ते बटणही गेलं आणि अँटेना थेट रेडिओच्या आज्ञेत राहू लागला. १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या अनेक जपानी आणि जर्मन मोटारींत हा दिमाख होता. आपल्याकडे ज्यांच्या मोटारीला तो जन्मजात नव्हता, त्यांपैकी हौशी मंडळी तो बाजारातून आणून बसवून घेत.

आमच्या पिढीला या दिमाखाचं एवढं अप्रूप का, ते समजायला आमच्या गच्च्या आठवायला हव्यात. आमच्या लहानपणी अँटेना म्हणजे कौलांवर किंवा गच्चीवर उभा असलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा. तो कावळा बसला की फिरे. मग एक मुलगा वर, बाकी कुटुंब टीव्हीसमोर आणि मध्ये जिन्यात निरोप्या.

“आलं का?”

“आलं, आलं! ... गेलं! मघाशी होतं तसं कर!”

मघाशी कसं होतं हे त्या घरात कुणालाही ठाऊक नसे. अशा गच्चीवर ज्याचे रविवार गेले, त्याने न सांगता वर येणारा आणि न सांगता खाली जाणारा अँटेना पाहिला की त्याचे हात आपोआप जोडले जाणारच.

पण हा नुसता दिमाखही नव्हता बरं का! एफएम रेडिओची लहर साधारण तीन मीटर लांब असते. १०० मेगाहर्ट्झला हिशेब बरोबर तीन मीटर येतो. अँटेना त्या लहरीच्या पाव लांबीचा असला, की त्याचं आणि लहरीचं चांगलं जमतं. म्हणजे पाऊण मीटर, पंचाहत्तर सेंटिमीटर. दांडीची लांबी याच आसपास ठेवलेली असते. मध्यम लहरींचा हिशेब मात्र अवघड. तिथे १००० किलोहर्ट्झची लहर ३०० मीटरांची. तिचा पाव म्हणजे ७५ मीटर, कुतुबमिनारापेक्षाही किंचित उंच! एवढी दांडी मडगार्डात मावत नाही, म्हणून मध्यम लहरींनी आखूड दांडीवरच भागवून घेतलं. जोड्यात एकाने तडजोड करावीच लागते.

आणि दांडी आत का जायची? तर पाऊण मीटर उंच, चकचकीत, वाकवता येण्याजोगी वस्तू रस्त्यावर रात्रभर उभी ठेवली, तर सकाळी ती काय अवस्थेत सापडेल, हे कुठल्याही गल्लीत राहणाऱ्या माणसाला सांगायला नको.

नायकाची ओळख झाली. आता चिठोरं ज्यांच्यामुळे माझ्या हाती आलं, ते आमचे साडू. गृहस्थ सज्जन. एका कारखान्याच्या भांडार विभागात अठ्ठावीस वर्षं होते. पुढे कारखान्याने तो विभागच्या विभाग बंद केला आणि बावन्नाव्या वर्षी त्यांना घरी पाठवलं. एकेका माणसाचं काय चांगलं, काय वाईट, हे बघायला वरच्यांना वेळ नव्हता. मिळालेल्या रकमेतली बरीचशी साडूंनी आमच्या बँकेत मुदत ठेवीत टाकली आणि उरलेल्यातून, सगळ्या नातेवाइकांचा विरोध पत्करून, पंचवीसेक वर्षांची एक परदेशी मोटार घेतली. घसारा हा शब्द हिशेबाच्या पुस्तकात मी शेकडो वेळा लिहिला आहे. तो पत्र्याच्या रूपात मी तिथे प्रथम पाहिला. पण डिकीच्या बाजूच्या मडगार्डावर तिला पॉवर अँटेना होता आणि तो चालू होता! कुणीही घरी आलं, की चहा झाल्यावर साडू म्हणत, “चला, जरा खाली जाऊ.” पाहुणे खाली जात, दांडी वर जाई, दांडी खाली येई, पाहुणे घरी जात. रेडिओवर काय लागलंय याची चौकशी कधी कुणी केली नाही.

एके दिवशी घर्रर्र झालं, पण दांडी काही आली नाही.

साडू मोटार घेऊन एका मोठ्या, काचेच्या दाराच्या गॅरेजात गेले. तिथल्या टायवाल्या तरुणाने कानाने आवाज ऐकला, बोटाने संगणक दाबला आणि म्हणाला, “सर, पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल.”

मी साडूंबरोबर होतो. असेंब्ली बदलायची म्हटल्यावर मला आधी आचारसंहिता आठवली. पण त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा, की मोटर, दातेरी चाकं, नळी, दांडी, सगळं काढून टाकायचं आणि सगळं नवं, परदेशातून मागवून, बसवायचं. अंदाजाचा आकडा पाच अंकी होता. साडू त्यावर काहीच बोलले नाहीत. नेहमी घासाघीस करणारा माणूस गप्प बसला की समजावं, आकड्यापेक्षा दुसरंच काहीतरी लागलं आहे. परतताना सिग्नलला ते एवढंच म्हणाले, “मोटर तर फिरतेय हो. आवाज येतोय की. मग तिला कशाला काढायचं?”

हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अचूक होता, हे मला चिठोऱ्याच्या अभ्यासानंतर कळलं.

कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात नुसती दांडी मिळाली, चार अंकी आकड्यात, तोही चारांतल्या खालच्या अंगाचा. आणि तिच्यासोबत हे चिठोरं. भाषा इंग्रजी, पण ज्या देशात छापलं त्या देशाच्या चवीची. आता कृतीकडे वळू.

कथानक थोडक्यात असं. एक : रेडिओ बंद करा आणि मडगार्डावरचा नट काढा. दोन : रेडिओ लावा, जुनी दांडी आपोआप बाहेर येईल. तीन : नळी पुसा. चार : नवी दांडी पूर्ण लांब करा. पाच : दांडीच्या बुडाला जोडलेल्या नायलॉनच्या दोरीचं टोक, दात पुढे ठेवून, भोकात अडेपर्यंत सारा. सहा : रेडिओ बंद करा, दोरी आत ओढली जाईल. सात : दांडी सरळ धरून आत जाऊ द्या. आठ : नट आवळा आणि एकदा वर-खाली करून पाहा. समाप्त.

या कृतीचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे तिचा विश्वास. ‘अधिकृत तंत्रज्ञानेच हे काम करावे’ असं ती कुठेही म्हणत नाही. वाचकाला हात आहेत, हातांना बोटं आहेत आणि त्याच्या घरात एक पक्कड आहे, एवढंच गृहीत धरून ती सरळ आज्ञार्थात बोलते. आमच्या परिपत्रकातलं कुठलंही वाक्य घ्या, त्यात काम करणारा माणूसच नसतो. ‘कार्यवाही करण्यात यावी.’ कोणी? ते वाक्यालाही ठाऊक नसतं. इथे कर्ता तुम्ही. काढा, लावा, पुसा, सारा. वाचताना पाठीचा कणा जरा ताठ होतो.

दुसरं वैशिष्ट्य रचनेचं. दांडी काढायची हत्यारं कोणती, तर मोटारीचा रेडिओ! जी मोटर दांडी रोज वर ढकलते, तिलाच जुनी दांडी बाहेर फेकायला लावायची आणि नवी आत ओढायलाही लावायची. म्हणजे रोग्यानेच शस्त्रक्रियेला हातभार लावायचा. ही कल्पना ज्याला सुचली, त्याच्या नावाने एखादा पुरस्कार ठेवायला हरकत नाही.

दोष मात्र आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय समीक्षा पूर्ण होत नाही. मुख्य दोष असा, की ही कृती ‘काय करा’ एवढंच सांगते, ‘का’ ते सांगत नाही. जुन्या ग्रंथांवर जशी भाष्यं लिहावी लागली, तसं याच्यावरही लिहावं लागेल. आमचं भाष्य स्टेशनामागे टपरीत बसणाऱ्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या चाचांनी केलं. त्यांना चिठोरं वाचता येत नव्हतं. पण त्यात काय लिहिलं असेल आणि काय लिहायचं राहून गेलं असेल, हे दोन्ही त्यांना ठाऊक होतं. समीक्षक असावा तर असा.

चाचांनी आधी निदान सांगितलं. पॉवर अँटेनाचे आजार तीन. आवाजच येत नाही, तर दुखणं विजेचं : फ्यूज, वायर, रिले किंवा मोटर. आवाज येतो पण दांडी मध्येच अडते, तर दांडी वाकलेली किंवा नळ्यांत धूळ साचलेली. आणि आवाज ठणठणीत येतो पण दांडी हलतच नाही, तर दोरी तुटली किंवा तिचे दात गेले. हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर आमची शाखा उभी राहिली. काही जण आवाजच करत नाहीत, काही अर्ध्यावर अडतात, आणि काहींचा आवाज इतका जोरात असतो की काम होत नाहीये हे पाच वाजेपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही.

मग चाचांनी डिकीतलं अस्तर बाजूला करून यंत्राचं पोट दाखवलं. वरून येणारी नळी, खाली मोटर आणि तिच्या शेजारी एक चपटी गोल डबी. दांडीच्या सगळ्यांत आतल्या, सगळ्यांत बारीक नळीला एक नायलॉनची दोरी जोडलेली असते. तिच्या एका अंगाला दात. मोटरीचं दातेरी चाक त्या दातांत अडकतं आणि दोरीला वर ढकलतं. दोरी बारीक नळीला ढकलते, बारीक नळी वर गेली की आपल्याहून जाड नळीला ओढते, ती तिच्याहून जाडीला. आमच्याकडे बढत्या होतात त्याच्या बरोबर उलट. खाली येताना दोरी त्या डबीत गुंडाळली जाते. दोरी नायलॉनची का? कारण दांडीत रेडिओचा सिग्नल असतो. तिला धातूची तार जोडली, तर तो सिग्नल मोटरीकडे पळायचा. नायलॉन विजेच्या बाबतीत संन्यासी आहे.

“और तीन वायर,” चाचा म्हणाले. एक पत्र्याला जोडलेली. एक रेडिओकडून येणारी : रेडिओ लागला की तिच्यात वीज येते, बंद झाला की जाते. रिले ही वायर पाहून ठरवतो की मोटर वर फिरवायची की खाली. धन-ऋण टोकांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते, एवढीच ती जादू. आणि तिसरी वायर थेट बॅटरीवरून, कायमची. ही कायमची कशाला, असं मी विचारलं. चाचांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मालकाने रेडिओ बंद केला, किल्ली काढली, घरी निघाला. आता रेडिओ मेला. मग दांडीला खाली उतरायला वीज कोण देणार? मालक गेल्यावरही जो माघारी राहून आवराआवर करतो, त्याला पगार वेगळ्या खात्यातून द्यावा लागतो, हे मला चटकन कळलं. आणि दांडी टोकाला पोचल्यावर मोटर काय करते? आत एक क्लच असतो, तो घसरतो, कट कट वाजतो, आणि मग वीज तुटते. हा क्लच नसता तर पहिल्याच दिवशी दोरीचे दात पडले असते. प्रत्येक कचेरीत एक तरी घसरणारा माणूस असावा, नाहीतर सगळ्यांचेच दात पडतील.

आता प्रत्यक्ष प्रयोग. मेव्हणी रेडिओपाशी, साडू दांडीपाशी, चाचा डिकीत आणि मी चिठोरं घेऊन मध्ये, निवेदक.

“रेडिओ लावा!” मी वाचलं.

“लावला!”

घर्रर्र. दांडी जागची हलली नाही. चिठोऱ्याच्या दुसऱ्या वाक्याचा इथे पराभव झाला. ‘जुनी दांडी आपोआप बाहेर येईल’ हे विधान दोरी शाबूत असेल तरच खरं. पण दोरी शाबूत असती, तर माणूस नवी दांडी कशाला विकत घेईल? दांडी वाकलेल्या वाचकासाठी ही कृती उत्तम आहे. दोरी तुटलेल्या वाचकाला ती दुसऱ्याच वाक्यात वाऱ्यावर सोडते. चाचांनी दांडी हाताने उपसली. खाली दोरीचं वीतभर शेपूट होतं, पुढे काही नाही. बाकीचा तुकडा आतच.

मग चाचांनी डिसमिस मागितला. आपल्याकडे कारागीर स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच शब्दाने नोकरीतून माणूसही काढतात. पण कारागिराच्या हातातल्या डिसमिसचं काम पाहिलं तर वेगळंच दिसतं. चाचांनी यंत्र बाहेर काढलं, गोल डबीचे स्क्रू सोडले, मोडक्या दोरीचं वेटोळं उचलून बाहेर ठेवलं, जुनं काळं ग्रीस फडक्याने पुसलं, आणि तेच स्क्रू, तेच झाकण, तीच मोटर परत जागच्या जागी बसवली. उघडलं ते जोडण्यासाठी. साडू हे सगळं अगदी जवळून पाहत होते. वेटोळं त्यांनी हातात घेतलं, दातांवरून अंगठा फिरवला. सात-आठ दात पार सपाट झालेले आणि तिथेच ती तुटलेली.

“एवढंच?” ते म्हणाले.

“इतनाही,” चाचा म्हणाले. “मोटर तो शेर है.”

साडूंनी मान वळवली आणि उगाचच टायरकडे पाहिलं.

पुढे पाचवं वाक्य. ‘दात पुढे ठेवून.’ कुणाच्या पुढे? मोटारीच्या, की दांडी धरणाऱ्याच्या? आकृतीतला माणूस मोटारीच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते कळत नाही, कारण चित्रकाराने त्याचे फक्त हात काढले आहेत. साडूंचं म्हणणं पडलं, मोटारीच्या पुढे. मेव्हणीचं म्हणणं पडलं, आधी नीट विचारून घ्या. संदिग्धता हा काव्याचा गुण असेल, सुट्या भागांच्या वाङ्मयात तो दोषच. चाचांनी वाद एका वाक्यात मिटवला : चाक जिकडे, दात तिकडे. डबी उघडल्यामुळे चाक कुठे आहे ते त्यांना दिसलंच होतं. एवढे चार शब्द लेखकाने लिहिले असते, तर ही कृती अभिजात ठरली असती.

दोरी सारली. अडली. किंचित फिरवल्यावर दात चाकात बसले.

“बंद करा!”

“केला!”

घर्रर्र! आणि दोरी, एखादी शेवई ताटातून ओढावी तशी, सर्रकन आत जाऊ लागली. साडूंनी दांडी दोन्ही हातांनी सरळ धरली होती, मुंजीत बटूने पळसाचा दंड धरावा तशी. एकेक नळी आत गेली, शेवटी वर फक्त बटण उरलं. नट आवळला. रेडिओ लावला. दांडी वर आली.

दोन किरकोळ उणिवा सांगून हा भाग संपवतो. भोकातून पावसाचं पाणी आत जातं, ते बाहेर काढायला यंत्राच्या बुडाशी एक रबरी नळी असते. ती मातीने बुजली तर पाणी मोटरीत शिरतं आणि मग मात्र खरोखरच असेंब्लीची पाळी येते. चाचांनी ती तारेने मोकळी केली. चिठोऱ्यात तिचा उल्लेखही नाही. दुसरं म्हणजे, दांडीला तेला-ग्रीसने माखायचं नसतं. चिकटपणावर धूळ बसते आणि ती धूळ घेऊन दांडी आत जाते. अधूनमधून स्वच्छ फडक्याने पुसली आणि अगदी लागलंच तर पातळ तेलाचं बोट फिरवलं की पुरे. हेही लेखकाने वाचकाच्या कल्पनाशक्तीवर सोडलं आहे.

तुलनेशिवाय समीक्षेला भारदस्तपणा येत नाही, म्हणून आता समकालीन अँटेनाकडे पाहू. आजच्या मोटारींच्या छपरावर शार्क माशाच्या पंखासारखा एक उंचवटा असतो. काही मोटारींच्या काचेतच बारीक तारा असतात. न्यायाने बोलायचं, तर ही प्रगतीच आहे. आत एक छोटा ॲम्प्लिफायर असतो, तो आखूडपणाची भरपाई करतो. वाकत नाही, अडकत नाही, पोरंटोरं मोडत नाहीत, पावसाचं पाणी आत घेत नाही. मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. फक्त त्याला कथानक नाही. तो वर येत नाही, खाली जात नाही, म्हणून त्याची दोरी तुटत नाही, म्हणून त्याचं चिठोरं निघत नाही. बिघडला, तर चिकटवलेलं झाकण उघडण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. अख्खा काढायचा, अख्खा बसवायचा. तिथे त्या टायवाल्या तरुणाचं वाक्य पहिल्या दिवसापासून खरं असतं.

गंमत म्हणजे बाजारातल्या कित्येक कार-स्टीरिओंच्या मागे अजूनही एक निळी वायर लोंबत असते. ती पॉवर अँटेनाची. अँटेना गेला, वायर राहिली. बरेच जण आता तिच्यावर ॲम्प्लिफायर चालू-बंद करतात. म्हणजे खातं बंद झालं तरी कर्मचारी दुसरं काम घेऊन टिकून आहे. ही वायर मी साडूंना मुद्दाम दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिली.

आणि म्हणूनच माझ्या मते या चिठोऱ्याचं मोल त्याच्या भाषेत नाही, त्याच्या भूमिकेत आहे. ‘असेंब्ली बदला’ हीही एक वाङ्मयीन भूमिकाच आहे. तिच्यात वाक्य एकच असतं, वाचकाला करण्यासारखं काही नसतं, आणि नेमकं काय झिजलं हे शोधायचे कष्ट लेखकाने घेतलेले नसतात. आठ वाक्यांचं हे चिठोरं उलट सांगतं, की झिजलं असेल तेवढंच काढा, जे फिरतंय त्याला फिरू द्या, आणि हे काम तुम्हालासुद्धा जमेल. दोरी तुटलेल्यांना ते दुसऱ्या वाक्यात सोडून जातं, त्याचे दात कुठे वळवावेत हे त्याला नीट सांगता येत नाही, पाण्याच्या नळीबद्दल ते मूग गिळून बसतं. शंभरात साठ गुण. चाचांच्या भाष्यासह वाचल्यास नव्वद.

कागदाचा दर्जा सामान्य, छपाई बरी, आकृत्या कामचलाऊ. संग्रही ठेवावी अशी कृती. मोटार नसली तरी चालेल.